गुरुवारी भूमिती

सकाळी साडेसातला कचऱ्याची गाडी गाणं लावून जाते,
तीच आमची घंटा.
पोह्यांच्या बशा उचलल्या
की ओट्यालगतचं टेबल शाळा होतं.
मेणकापडावर हळदीचा एक डाग आहे,
ओबेद त्याला लंका म्हणतो.
भूगोल बहुधा तिथूनच निघतो.

आधी स्तोत्र, मग प्रश्नोत्तरं.
तबिथा घटाघट पाणी प्यावं तशी उत्तरं म्हणते.
ओबेद अडतो.
‘देव’मधल्या द वरच त्याची जीभ उभी राहते,
दार लोटावं आणि आतून कडी असावी तशी.
इथे कोणी हसत नाही.
दुसरीच्या वर्गात हसायचे, बाईसुद्धा;
एका मंगळवारी त्याचं दप्तर घरी आणलं
ते आणलंच.

लोकांना मी एवढंच कारण सांगते.
खरं तर छावणीतल्या चर्चमध्ये, कुंडापाशी,
सहा आठवड्यांचं पोर हातांवर घेऊन
आम्ही दोघं ‘हो’ म्हणालो होतो:
वाढवू, शिकवू, विश्वासात.
जानेवारीचं पाणी. तो किंचाळला,
मंडळी हसली,
आणि माझं ते ‘हो’ घशात अडकलं
ते अजून पुरतं खाली उतरलेलं नाही.

समोरच्या पोरवालभाभी गॅलरीतून विचारतात,
“बच्चे आज भी स्कूल नी गए क्या?”
“घर पे ही पढ़ते हैं,” मी म्हणते.
प्रार्थना मराठीत, भाजी हिंदीत,
अपूर्णांक इंग्रजीत.
तिन्ही भाषांत आम्ही थोडेथोडे नापास.

अवघड होत्या त्या दीनाआत्या.
एकतीस वर्षं मिशनच्या मुलींच्या शाळेत भूमिती शिकवली त्यांनी.
अजूनही रस्ता ओलांडताना हात वर करतात,
जणू मागे साठ पोरी रांगेत आहेत.
“तुझ्या पणजीला,” त्या म्हणाल्या,
“त्या शाळेच्या वाटेवर लोक शेण मारायचे.
नळावर पदर धुऊन ती ओल्यानंच वर्गात बसायची.
आपल्याला उंबऱ्याबाहेर पडायला एवढं लागलं,
आणि तू मुलं पुन्हा स्वयंपाकघरात नेलीस?”

मी वचन सांगितलं. करार सांगितला. कुंड सांगितलं.
द वर अडलेली जीभ सांगितली.
आत्या चष्मा पुसत राहिल्या,
काच स्वच्छ झाल्यावरही.
मग म्हणाल्या, “पाळकांनी त्या दिवशी
मंडळीलाही विचारलं होतं.
दुसऱ्या बाकावर होते मी. उभी राहून ‘हो’ म्हणाले.
माझं वचन
तू एकटीच कशी फेडतेस?”

आमच्या प्रश्नोत्तरांत हा प्रश्न नव्हता.
कुकरची तिसरी शिट्टी झाली.
मी उठले नाही.
चौथीला तबिथानं गॅस बंद केला.

आता गुरुवारी त्या येतात,
गंजक्या झाकणाची कंपासपेटी घेऊन.
ओबेदचा शब्द अडला
की तो पुरा करून देत नाहीत,
वर्तुळ काढायला घेतात:
टोक रोवलेलं, पेन्सिल सावकाश फिरते.
वर्तुळ मिटेपर्यंत
कधी शब्द येतो, कधी येत नाही.
न आल्यास दुसरं वर्तुळ.
पहिल्या गुरुवारी वहीची चार पानं वर्तुळांनीच भरली.

मला तासभर सुट्टी.
पहिल्यांदा नुसती जिन्याखाली उभी राहिले,
हातांचं काय करायचं ते सुचेना.
आता कोपऱ्यापर्यंत जाते,
पाव किलो लवंग शेव घेते,
दुकानदार वाढीव चिमूट टाकतो तीही नाकारत नाही.

परत येते तेव्हा वरून आवाज येतो.
ओबेद काहीतरी साफ चुकीचं
मोठ्यानं, अडखळत, हट्टानं सांगत असतो.
आत्या म्हणतात, “बरं. सिद्ध कर.”

पुडीतून तेल कागदाबाहेर येऊ लागतं.
मी तिसऱ्या पायरीवर बसून राहते.